सासूचा फोटो

सिनेमानटीचा फोटो कुठे लावावा याबद्दल आपल्या समाजात पूर्वीपासून एकमत आहे. केशकर्तनालयात लावावा, पानाच्या गादीवर लावावा, ट्रकच्या केबिनमध्ये लावावा, आणि कॉलेजातल्या पोरानं आपल्या ट्रंकेच्या झाकणाला आतल्या बाजूनं लावावा. वाचनालयात लावू नये. वाचनालयातले फोटो वेगळे. ते पाहिल्यावर आपण फारच कमी वाचलंय असं माणसाला वाटलं पाहिजे आणि त्यानं मुकाट्यानं वर्तमानपत्र उचलून कोपऱ्यात जाऊन बसलं पाहिजे.

आमच्या भागातल्या वाचनालयाला परवा रंग दिला. रंग द्यायचा म्हणून भिंतीवरचे फोटो उतरवले आणि रंग वाळल्यावर कोणता फोटो कुठला खिळा हे कुणालाच आठवेना. तेव्हा अध्यक्ष म्हणाले, आता लावायचेच आहेत तर रीतसर लावू. नाशिक जिल्ह्याशी नातं असलेली थोर माणसं एका ओळीत लावू. त्यासाठी कार्यकारिणीची बैठक बोलावली. या कार्यकारिणीवर मी आहे. वय आणि रिकामा वेळ एवढ्या दोनच गुणांवर माझी निवड झालेली आहे.

नावं भराभर निघाली. भगूरचे म्हणून सावरकर. येवल्याचे म्हणून तात्या टोपे. आयुष्य इथं काढलं म्हणून कुसुमाग्रज आणि कानेटकर. त्र्यंबकेश्वरचे म्हणून दादासाहेब फाळके. चिटणीस लिहून घेत होते. चहा यायचा होता.

"आणि ललिता पवार," मी म्हणालो.

एकदम शांतता झाली. खजिनदारांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे त्या सासूबाई?" त्यांनी विचारलं.

"हो, त्याच."

"पण सासूबाईंचा फोटो कशाला लावायचा बुवा? त्या हयात असताना लोक घाबरतात, नंतर भिंतीवरून बघायला लागल्या तर..." खजिनदारांचं हे दुःख सिनेमातलं नसून घरचं असावं असं मला वाटलं. मी सोडून दिलं.

मग मी त्यांना सगळी माहिती सांगितली. येवल्याचं नाव घेतलं की लोक पैठणी म्हणतात, तात्या टोपे म्हणतात, १९३५ सालची डॉ. आंबेडकरांची धर्मांतराची घोषणा म्हणतात. ललिताबाई म्हणणारा मला अजून भेटायचा आहे. या बाई १९१६ साली येवल्यात जन्मल्या. माहेरचं नाव अंबा सगुण. सिनेमा मुका होता तेव्हा लहान मुलीच्या कामापासून त्यांनी सुरुवात केली. तरुणपणी नायिका झाल्या. 'कैलास' (१९३२) हा मूकपट आणि 'दुनिया क्या है' (१९३८) हा बोलपट यांच्या निर्मितीतही त्यांचा हात होता. म्हणजे नट्यांनी फक्त दिसायचं असतं अशी समजूत असण्याच्या काळात ही येवल्याची बाई पैशाचा हिशेब बघत होती. पुढं १९९८ साली वारल्या तोवर जवळजवळ सत्तर वर्षं त्यांनी पडद्यावर काढली. आपल्यातल्या किती जणांनी एक नोकरी सत्तर वर्षं केली आहे? बत्तीस वर्षांत माझं तर कंबरडं मोडलं होतं.

सगळ्यांना एकदम पटलं. "आपल्या येवल्याच्या? अरे वा!" असं म्हणून नाव यादीत गेलं. आपल्या जिल्ह्याचा माणूस म्हटला की आपल्याकडं निम्मे दोष माफ होतात. चहा आला. माझा विजय झाला असं समजून मी बिस्किट बुडवलं, आणि तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "फोटो मात्र जरा चांगला बघा हं."

या एका वाक्यावरून आमचं भांडण सुरू झालं ते आजपर्यंत चालू आहे. हा लेखही त्याचाच भाग समजावा.

चिटणीसांच्या मुलीनं मोबाइलवर दोन फोटो काढून दाखवले. पहिल्यात विशी-बाविशीच्या ललिताबाई. कुरळे केस, रेघेसारख्या भुवया, मान किंचित कललेली, दोन्ही डोळे टपोरे. दुसऱ्यात आपल्याला ठाऊक असलेल्या ललिताबाई. डोक्यावर पदर, ओठ आवळलेले आणि डावा डोळा बारीक. मोबाइल टेबलाभोवती फिरला. पहिल्या फोटोला सगळ्यांचे हात वर. दुसऱ्याला माझा एकट्याचा.

आता मला सांगा, हा काय न्याय झाला? आमच्या त्या ओळीत फाळके कोणते? म्हातारपणचे. कुसुमाग्रज कोणते? पांढऱ्या केसांचे, चष्म्याचे. कानेटकर, सावरकर सगळे उतारवयातले. कुसुमाग्रजांचा कॉलेजातला देखणा फोटो शोधून आणा असं एकानंही म्हटलं नाही. पुरुषाच्या चेहऱ्यावर सुरकुती पडली की ते कर्तृत्व आणि बाईच्या चेहऱ्यावर पडली की ती सुरकुती! पुरुष थोर झाल्यावर त्याचा फोटो काढायचा आणि बाईचा मात्र थोर व्हायच्या आधी काढून ठेवायचा, असा काही नियम फोटोग्राफीच्या पुस्तकात आहे का?

तसा या धंद्याचा मूळपुरुष आमच्या जिल्ह्यातलाच. फाळके सिनेमाकडं वळायच्या आधी गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ चालवत. १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामती व्हायला बाई मिळेना. शेवटी अण्णा साळुंके नावाच्या, हॉटेलात काम करणाऱ्या गृहस्थांना लुगडं नेसवलं. आणि १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर हेच साळुंके राम आणि हेच सीता. म्हणजे भारतीय पडद्यावरच्या नायिकेच्या चेहऱ्यावर पहिला हात फिरला तो न्हाव्याचा. वस्तऱ्यापासून सुरू झालेली ही सुधारणा पुढं कधी थांबलीच नाही.

पुढं खऱ्या बायका आल्या, पण त्यांचाही खरा चेहरा काही कुणी ठेवला नाही. डोक्यामागून एक दिवा सोडायचा म्हणजे केसांभोवती तेज दिसतं. भिंगावर तलम जाळी लावायची म्हणजे कातडी रेशमी होते. एवढं करूनही एखादी खूण राहिलीच तर निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं रिटचिंग. मीनाकुमारीच्या डाव्या हाताच्या करंगळीला १९५१ साली मोटारीच्या अपघातात इजा झाली. पुढं जन्मभर तो हात पदराखाली नाहीतर ओढणीखाली. इतके फोटो, इतके सिनेमे, आणि आपल्याला ती करंगळी दिसत नाही. साधनाचं कपाळ मोठं म्हणून 'लव्ह इन सिमला'त (१९६०) त्यावर केसांची झालर सोडली. त्या वर्षी नाशकातल्या ज्या मुलींची कपाळं बेताची होती त्यांनीसुद्धा ती झाकून घेतली. आमच्या वाड्यातल्या एका आजींना वाटलं की या पोरींना उवा झाल्यात म्हणून केस कापलेत. हीच साधना पुढं म्हातारपणी फोटो काढूच देत नसे. लोकांच्या मनात जी साधना आहे तिला धक्का नको, म्हणून खऱ्या साधनानं दाराआड बसायचं. कपाळ झाकता झाकता शेवटी सगळी बाईच झाकली गेली.

मी काही सुंदर फोटोंचा शत्रू नाही. १९५१ साली 'लाइफ' साप्ताहिकाच्या जेम्स बर्कनं मधुबालेचे फोटो काढले. ते पाहताना माझा चहा दोनदा गार झालेला आहे आणि त्याबद्दल घरी बोलणीही खाल्लेली आहेत. मुद्दा एवढाच, की मधुबालेचा मधुबालेसारखा फोटो लावावा आणि ललिता पवारचा ललिता पवारसारखा. दुसऱ्याचा फोटो तिच्या नावानं लावू नये.

अध्यक्षांचं म्हणणं असं, की अपघाताआधीच्याच बाई खऱ्या. नंतरचा चेहरा हा अपघात. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या सेटवर एका प्रसंगात भगवानदादांनी त्यांना थोबाडीत मारायची होती. ते तेव्हा नवखे होते. हात जरा जोरात बसला. बाईंच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डोळ्याला इजा झाली, पुष्कळ औषधपाणी झालं, पण डावा डोळा पूर्वीसारखा झाला नाही. नायिकेची कामं गेली. "अशा दुर्दैवाची आठवण कशाला भिंतीवर टांगायची?" अध्यक्ष म्हणाले.

त्यांचा हेतू चांगला आहे हे मी कबूल करतो. चांगला हेतू असलेल्या माणसाशी भांडणं फार कठीण असतं. तरी भांडतो.

दुर्दैव झालं ते १९४२ साली, आणि ते पुष्कळांच्या नशिबी येतं. त्यानंतर जे झालं ते पुष्कळांच्या हातून होत नाही. बाई घरी बसल्या नाहीत. प्रभातच्या 'रामशास्त्री'तली (१९४४) आनंदीबाई आठवा. 'श्री ४२०'मधली (१९५५) केळेवाली आठवा. 'अनाडी'तली (१९५९) मिसेस डिसा आठवा, तिच्याबद्दल त्यांना फिल्मफेअरचं पारितोषिक मिळालं. 'आनंद'मधली (१९७१) मेट्रन आठवा. या सगळ्या जणी त्या दुसऱ्या फोटोतल्या आहेत. पहिल्या फोटोतल्या बाईंचा एक तरी सिनेमा कार्यकारिणीतल्या कुणी पाहिलाय का? मी हे विचारलं तेव्हा सगळे चहाच्या कपात बघायला लागले. जिला आपण ओळखत नाही तिचा फोटो लावायचा आणि जिनं आपल्याला रडवलं, हसवलं, शिव्या द्यायला लावल्या तिचा नको, याला श्रद्धांजली म्हणत नाहीत.

चिटणीस म्हणाले, "अहो, पण तो डोळा! लहान मुलं येतात वाचनालयात. घाबरतील." त्यांच्या डोळ्यांपुढं १९८७ च्या 'रामायणा'तली मंथरा होती. त्या वेळी रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे, लोक टीव्हीला हार घालायचे, आणि मंथरा आली की बायका बोटं मोडायच्या.

या डोळ्याचं एकदा शांतपणे बघू. मिसेस डिसा राज कपूरला रागावते तेव्हा तोच डोळा असतो ना? त्या रागामागची माया आपल्याला दिसते ती कुठून? त्याच चेहऱ्यातून. मेट्रन 'आनंद'ला दटावते आणि पाठ फिरवून गलबलते तेव्हा बाईंनी काही दुसरा डोळा बसवून घेतलेला नसतो. म्हणजे कपट डोळ्यात नव्हतं, कामात होतं. माया डोळ्यात नव्हती, तीही कामात होती. डोळा बिचारा सुईदोऱ्यासारखा. त्यानं झबलं शिवा नाहीतर कफन.

पण सिनेमावाल्यांनी हे आपल्याला दिसू दिलं नाही. एक मिसेस डिसा असली तर वीस खाष्ट सासवा. डोळा बारीक म्हणजे बाई कारस्थानी, हे गणित त्यांनी दोन-तीन पिढ्यांच्या डोक्यात पक्कं केलं. पडद्यावर बाईंना त्याचे पैसे मिळाले. पडद्याबाहेर ज्यांचे डोळे तसे होते त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. आणि इथं मला आमच्या अक्काबद्दल सांगणं भाग आहे.

अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती अकरा वर्षांची असताना वाड्याच्या चौकात तिच्या डाव्या डोळ्याला विटी लागली. दंडा माझ्या हातात होता. मी सहा वर्षांचा होतो आणि तोवर माझी विटी कधी उंबऱ्यापलीकडे गेलेली नव्हती. त्या दिवशी गेली. डोळा वाचला, नजरही बरीचशी वाचली, पण पापणी खाली आली ती आलीच. भगवानदादांना पुढं जन्मभर काय वाटलं असेल ते मला कुणी सांगायला नको.

शाळेत तिला पोरी 'ललिता पवार' म्हणायच्या. वाड्यात म्हणायच्या. दोन भांडी एकमेकांवर आपटली तरी "आली ललिता पवार" म्हणायच्या. अक्का तेव्हा भांडत नसे. नुसती बघायची, आणि त्या बघण्यावरूनही परत तेच.

एकवीस वर्षांची झाली तेव्हा स्थळांसाठी फोटो काढायचा ठरला. स्टुडिओतल्या फोटोग्राफरनं तिला कमान आणि कुंडी रंगवलेल्या पडद्यापुढं बसवलं, काळ्या फडक्यात डोकं घातलं, बाहेर काढलं आणि नानांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. मग तिची मान डावीकडं इतकी वळवली की ती फोटोत कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी दिसते. फोटो सुरेख आला. एका आठवड्यात मंडळी बघायला आली. अक्का पोह्यांची बशी घेऊन समोरून आली. पाहुण्यांतल्या एका मावशीबाई आईला म्हणाल्या, "फोटोत वेगळी दिसत होती हो." पोहे मात्र सगळ्यांनी खाल्ले.

असं तीनदा झालं. चौथ्या वेळी अक्का एकटीच स्टुडिओत गेली. तोवर तिला शाळेत नोकरी लागली होती, पैसे तिचेच होते. "समोरून काढा," म्हणाली. त्यानं समोरून काढला, पण हाताची सवय जाईना. पेन्सिलीनं दोन्ही डोळे सारखे करून दिले. अक्कानं फोटो पाहिला आणि परत केला. "ही छान आहे. पण माझा फोटो द्या," म्हणाली. तिसऱ्या खेपेला तो मिळाला. आमच्या जुन्या घरात तो चाळीस वर्षं दर्शनी भिंतीवर होता, आता तिच्या घरी आहे.

मग अक्काचं लग्न झालं की नाही, असं तुमच्या मनात आलं असेल. आलं असेल तर हा लेख पहिल्यापासून परत वाचा.

तिला मी एकदा विचारलं होतं, की लोक तुला त्या नावानं चिडवायचे तर तू तिचे सिनेमे का बघायचीस? कारण अक्का एकही सोडत नसे. 'अनाडी' तिनं तीनदा पाहिला. म्हणाली, "अरे, हॉलमधली सगळी माणसं दोन-दोन तास तिच्या तोंडाकडं बघत बसायची. कुणी तिला मान वळवायला सांगत नव्हतं." बस. त्यावर मला काही बोलता आलं नाही. अक्काच्या काळात एवढ्या मोठ्या पडद्यावर, समोरून, तसा डोळा घेऊन उभं राहणारं दुसरं कोणी होतं का? लोक शिव्या देत होते, पण बघत होते. आणि बाई नजर चुकवत नव्हत्या.

म्हणून मी म्हणतो की तो दुसराच फोटो लागला पाहिजे. पहिल्या फोटोतली मुलगी देखणी आहे याबद्दल वाद नाही. पण तो फोटो लावला की त्याचा अर्थ असा होतो: बाई, तुम्ही पुढं पन्नास-पंचावन्न वर्षं जे काही केलंत ते ठीक आहे, पण आम्हाला तुमची मान जरा डावीकडं वळवू द्या.

आता तर घरोघरी रिटचिंग आहे. माझ्या नातीच्या मोबाइलमध्ये एक सोय आहे, तिनं कुणाचाही चेहरा गुळगुळीत होतो. परवा तिनं माझाही केला. मी इतका गोरा आणि नितळ दिसत होतो की मला माझ्याच फोटोला हार घालावासा वाटला. पूर्वी निदान त्या पेन्सिलीसाठी स्टुडिओत जावं लागे, पैसे पडत, आठ दिवस थांबावं लागे. तेवढ्यात माणसाला पुन्हा विचार करायला सवड मिळायची. आता ती पेन्सिल ज्याच्या त्याच्या खिशात आहे. अशा दिवसांत वाचनालयाच्या भिंतीवर एक तरी न खोडलेला चेहरा असावा. येणाऱ्या मुलींपैकी एखादीला तो बघून बरं वाटेल. घाबरायचं म्हणाल तर मुलं आमच्या ग्रंथपालांना जास्त घाबरतात.

कार्यकारिणीनं तूर्त तडजोड सुचवली आहे. एकाच चौकटीत दोन्ही फोटो लावायचे, डाव्या बाजूला आधीचा, उजव्या बाजूला नंतरचा. मी म्हटलं, असे फोटो केस उगवण्याच्या तेलाच्या जाहिरातीत असतात, फक्त उलट्या क्रमानं. ते बारगळलं. सध्या फाळक्यांच्या शेजारी नुसता खिळा आहे. फाळके त्याच्याकडं बघत नाहीत, समोर बघतात.

येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे. या खेपेला मी एकटा जाणार नाही. अक्कानं ऐंशी ओलांडली आहे, जिने तिला जमत नाहीत, पण वाचनालय तळमजल्यावर आहे. ती वाचनालयाची जुनी सभासद आहे, तिला बसण्याचा हक्क आहे. अध्यक्षांच्या बरोबर समोरची खुर्ची मी तिच्यासाठी मागून ठेवली आहे.